आधी बॅग, मग चेहरा

लहान शहरे विमानसेवेने जोडणाऱ्या ‘उडान’ योजनेतली पहिली विमाने २७ एप्रिल २०१७ रोजी सुटली आणि त्या पहिल्याच दिवसाच्या मार्गांत नांदेड–हैदराबाद हा मार्ग होता. तरीही हवाई नकाशावर मराठवाड्याची जागा आजही लहानच आहे. छत्रपती संभाजीनगरचे चिकलठाणा विमानतळ आणि नांदेडचे श्री गुरू गोबिंदसिंगजी विमानतळ एवढीच आपली खरी प्रवासी विमानतळे. त्यामुळे विमानतळांवरील सुरक्षा-तंत्रज्ञान हा दिल्ली-मुंबईचा विषय आहे आणि त्यावर आपण बोलण्यासारखे काही नाही, असा समज इथल्या सुशिक्षित वर्गातही आढळतो. हा समज चुकीचा आहे. सुरक्षेच्या यंत्रांवर खर्च करताना देशाने जो क्रम लावला आहे, तो मला उलटा वाटतो, आणि त्याची झळ लहान विमानतळांना बसते. घातक वस्तू शोधणारी यंत्रे आणि ती चालवणारी तयार माणसे लहान विमानतळांवर आधी पोचली पाहिजेत. माणसांचे चेहरे ओळखून त्यांचा माग ठेवणाऱ्या यंत्रणेचा नंबर त्यानंतरचा आहे, आणि तीही स्पष्ट कायद्याच्या चौकटीतच यायला हवी.

हा क्रम का महत्त्वाचा, हे हवाई घातपातांचा इतिहास पाहिला की लक्षात येते. २२ जून १९८५ रोजी कॅनडातल्या व्हँकुव्हर विमानतळावर एका प्रवाशाने आपली बॅग पुढे एअर इंडियाच्या विमानात थेट चढवावी असा आग्रह धरला. त्या विमानात त्याची जागा पक्की झालेली नव्हती, पण काउंटरवरच्या कर्मचाऱ्याने अखेर त्याचे म्हणणे मान्य केले. बॅग गेली आणि प्रवासी मात्र विमानात चढलाच नाही. टोरांटोला एअर इंडियाच्या ‘कनिष्क’ या विमानात जाणाऱ्या सामानाची एक्स-रे तपासणी चालू असताना यंत्र बंद पडले, म्हणून हातात धरून फिरवायचे एक शोधक यंत्र वापरले गेले, जे भरवशाचे नव्हतेच. दुसऱ्या दिवशी आयर्लंडच्या किनाऱ्याजवळ ते विमान आकाशातच फुटले आणि ३२९ माणसे गेली. या घटनेचा अर्थ लावताना बहुतेक लोक बंद पडलेल्या यंत्रावर बोट ठेवतात. माझ्या मते त्याहून मोठी चूक आधीच झाली होती. ज्याची बॅग, तो प्रवासी विमानात बसला आहे की नाही, एवढे जुळवून पाहायला कुठलेही यंत्र लागत नव्हते. दोन याद्या, एक माणूस आणि जुळत नसेल तर बॅग उतरवण्याचा अधिकार, एवढे पुरेसे होते.

तीन वर्षांनी, २१ डिसेंबर १९८८ रोजी, स्कॉटलंडमधल्या लॉकरबी गावावर पॅन ॲमचे विमान कोसळले आणि गावातली माणसे धरून २७० जणांचा बळी गेला. न्यायालयाने २००१ मध्ये जो निष्कर्ष काढला त्यानुसार स्फोटकांची बॅग लंडनमध्ये नव्हे, तर माल्टा या छोट्या बेटावर चढवली गेली होती. तिथून ती फ्रँकफर्टमार्गे, सोबत प्रवासी नसताना, लंडनच्या हीथ्रो विमानतळापर्यंत पोचली. ११ सप्टेंबर २००१ च्या सकाळी हल्लेखोरांचा म्होरक्या बोस्टनला थेट गेला नव्हता. पोर्टलंड या लहानशा विमानतळावरून तो छोट्या विमानाने बोस्टनला आला होता. पोर्टलंडच्या संगणकीय चाळणीने त्याचे नाव वेगळे काढलेही होते. मात्र त्या वेळच्या नियमाप्रमाणे त्याचा परिणाम इतकाच झाला की तो विमानात बसेपर्यंत त्याची बॅग थांबवून ठेवली गेली. माणसाला कुणी दोन प्रश्न विचारले नाहीत.

व्हँकुव्हर हे काही आडगाव नव्हे. तरीही या तिन्ही घटनांत जिथे विमान पडले किंवा पळवले गेले, त्या ठिकाणापासून दूर, आधीच्या टप्प्यावर, ढिलाई झाली होती. घातपात करणारा माणूस सर्वांत कडक दारातून आत शिरत नाही. नांदेडला चढलेली बॅग हैदराबादला उतरून आणखी कुठे जाते, चिकलठाण्याहून मुंबईला गेलेला प्रवासी तिथून दुबईचे विमान धरतो, आणि या साऱ्या प्रवासातली पहिली तपासणी आपल्याकडच्या एका लहान इमारतीत, मोजक्या माणसांच्या हातून होते. दिल्लीच्या टर्मिनलवर कितीही महागडे यंत्र बसवले, तरी ही पहिली तपासणी कच्ची राहिली तर सगळ्या जाळ्याची सुरक्षा कच्ची राहते.

वस्तू शोधणाऱ्या यंत्रांचे काम जवळून पाहिले तर त्यांची ताकद आणि त्यांच्या मर्यादा दोन्ही समजतात. आपण ट्रेमध्ये ठेवलेली बॅग पट्ट्यावरून आत जाते, तेव्हा तपासनिसाच्या पडद्यावर तिचे रंगीत चित्र उमटते. धातू निळा दिसतो, मिश्र वस्तू हिरव्या दिसतात आणि सेंद्रिय पदार्थ नारिंगी. अडचण या नारिंगी रंगात आहे. साबण, पुस्तक, गुळाची ढेप, बेसनाचे लाडू हे सारे नारिंगी दिसते, आणि बहुतेक स्फोटकेही नारिंगीच दिसतात. दिवाळी संपवून परत निघालेल्या मुलाच्या बॅगेत आईने भरलेला फराळ, त्यावर मोबाइलचा चार्जर आणि त्याच्या वायरी, असे चित्र पडद्यावर आले की ते काही सेकंदांत वाचणे हे कौशल्याचे काम असते. तपासनिसाने बॅग बाजूला काढली तर प्रवाशाचा चेहरा उतरतो, मागची रांग कुरकुरते. पण ती बॅग उघडणे हेच त्याचे काम आहे, हे आपण प्रवाशांनीही समजून घ्यायला हवे.

रुग्णालयातल्या सीटी स्कॅनच्या तत्त्वावर चालणारी नवी यंत्रे बॅगेचे सर्व बाजूंनी छेद घेतात, आतल्या वस्तूची घनता मोजतात आणि संशयित भाग स्वतःच दाखवतात. लॅपटॉप बाहेर काढण्याचीही गरज त्यांत राहत नाही. कापडाची पट्टी बॅगेवर किंवा हातावर फिरवून स्फोटकांचे सूक्ष्म कण हुडकणारे यंत्र तर आकाराने लहान असते आणि कुठल्याही विमानतळावर टेबलावर मावते. मेटल डिटेक्टरला जे कळत नाही, ते मिलिमीटर लहरींच्या बॉडी स्कॅनरला कळते. २५ डिसेंबर २००९ रोजी डेट्रॉइटला निघालेल्या विमानात एका तरुणाने अंतर्वस्त्रात पीईटीएन हे स्फोटक लपवून नेले होते. त्यात धातू नव्हता, त्यामुळे चौकटीतून जाताना काहीच वाजले नाही. अशा यंत्रांवर पैसा खर्च व्हायलाच हवा. अमेरिकेने सुरुवातीला बसवलेले काही बॉडी स्कॅनर अंगाचे नग्नवत चित्र दाखवत असत. त्यावर लोक बोलले, आणि २०१३ मध्ये ती यंत्रे हटवून केवळ बाह्याकृती दाखवणारी प्रणाली आली. सुरक्षा घटली नाही आणि माणसाची लाजही राखली गेली. लोकांनी हरकत घेतली की तंत्रज्ञान सुधारते, याचे हे उत्तम उदाहरण आहे.

पण यंत्रामागच्या माणसाकडे दुर्लक्ष झाले तर हा सारा खर्च वाया जातो. २०१५ साली अमेरिकेत सरकारच्याच लोकांनी प्रवासी बनून बनावट शस्त्रे आणि स्फोटके आत नेण्याचे प्रयोग केले. त्या वेळी बाहेर आलेल्या बातम्यांनुसार ७० पैकी ६७ वेळा ते सफल झाले. जगातला सर्वाधिक पैसा जिथे सुरक्षेवर खर्च होतो, त्या देशातली ही गोष्ट आहे. याच्या उलट उदाहरण एप्रिल १९८६ चे. हीथ्रोवर एका गरोदर तरुणीची बॅग विमानतळाच्या तपासणीतून सुखरूप पार पडली होती. इस्रायलच्या एल ऑल कंपनीच्या सुरक्षा कर्मचाऱ्यांनी मात्र तिला साधे प्रश्न विचारले. एकटीच का निघालीस, कुठे उतरणार, बॅग कुणी भरली, या धर्तीच्या चौकशीत उत्तरे जुळेनात, म्हणून बॅग रिकामी केली तर ती रिकामी असूनही जड लागली. तळात स्फोटके होती. तिच्या होणाऱ्या नवऱ्याने ती तिच्या नकळत ठेवली होती.

म्हणून चिकलठाण्याला किंवा नांदेडला नवे यंत्र कधी येणार, याइतकाच महत्त्वाचा प्रश्न हा आहे की पडद्यासमोर बसणाऱ्या माणसाला सलग किती वेळ बसवले जाते. युरोपच्या नियमांनुसार तपासनिसाने सलग २० मिनिटांपेक्षा जास्त वेळ पडदा पाहायचा नसतो, कारण त्यानंतर नजर पाहते पण मन नोंद घेत नाही. पडद्यावर अधूनमधून बंदुकीचे किंवा स्फोटकाचे बनावट चित्र टाकून तपासनिसाची सावधता जोखणारी प्रणालीही अनेक वर्षांपासून उपलब्ध आहे. लहान विमानतळाला याची गरज जास्त आहे, कारण तिथे दिवसात मोजकीच विमाने येतात आणि दोन विमानांमधल्या रिकाम्या तासांनंतर अचानक शंभर-दीडशे बॅगा एकदम येतात. अशा कामाला मोठ्या विमानतळापेक्षा वेगळे प्रशिक्षण आणि वेगळे वेळापत्रक लागते. यावर आपल्याकडे जवळजवळ चर्चाच होत नाही.

नांदेडच्या बाबतीत आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. हुजूर साहिबच्या दर्शनाला देशभरातून शीख भाविक येतात. देशांतर्गत विमानात शीख प्रवाशाला पाते सहा इंचांहून आणि एकूण लांबी नऊ इंचांहून जास्त नसलेले कृपाण बाळगता येते, असा नियम आहे. यंत्राला कृपाण आणि चाकू यांतला फरक कळत नाही. त्याला दोन्ही पाती सारखीच. तो फरक जाणणारा, नियम तोंडपाठ असणारा, आदराने ‘बाबाजी, जरा दाखवा’ म्हणून मोजमाप करणारा जवान तिथे असावा लागतो. भाविकाचा मानही राहतो आणि नियमही पाळला जातो. हे काम कुठल्याही सॉफ्टवेअरकडे सोपवता येणार नाही.

आता चेहऱ्याकडे वळू. डिसेंबर २०२२ मध्ये दिल्ली, बेंगळुरू आणि वाराणसी येथे ‘डिजीयात्रा’ सुरू झाली आणि पुढे ती अनेक विमानतळांवर पसरली. आधार आणि बोर्डिंग पास ॲपला जोडायचे, कॅमेऱ्यापुढे उभे राहायचे आणि दार उघडते. तिच्या बाजूने सर्वांत सबळ युक्तिवाद सुरक्षेचाच आहे, आणि तो मी मोकळेपणाने मान्य करतो. २२ मार्च २०१६ ला ब्रसेल्सच्या विमानतळावर झालेले स्फोट तपासणीच्या आधीच्या खुल्या दालनात झाले, जिथे माणसे रांगा लावून उभी होती. रांग लवकर सरकली तर असे लक्ष्यच लहान होते. ज्याला स्वखुशीने ही सोय घ्यायची आहे त्याने जरूर घ्यावी.

परंतु ओळख पटणे आणि धोका ओळखणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कॅमेरा एवढेच सांगतो की हा माणूस म्हणजे तिकिटावरचाच माणूस. त्याच्या मनात काय आहे किंवा बॅगेत काय आहे, हे तो सांगू शकत नाही. स्वतःच्या खऱ्या नावाने, खऱ्या ओळखपत्रावर प्रवास करणारा घातपाती चेहऱ्याच्या दारातून बिनदिक्कत आत जाईल. म्हणून चेहरा ओळखणाऱ्या यंत्राला सुरक्षेचा मुख्य आधार म्हणणे मला पटत नाही.

अशा यंत्रांच्या चुका कुणाच्या वाट्याला येतात, हे मराठवाड्याला सांगायची गरज नाही. रेशन दुकानातल्या ई-पॉस यंत्रावर ‘अंगठा येत नाही’ म्हणून परत फिरलेली माणसे प्रत्येक तालुक्याने पाहिली आहेत. ऊसतोडीला जाऊन आलेल्या बाईच्या बोटांवरच्या रेषा कोयत्याने आणि पाचटाने झिजलेल्या असतात. ती अंगठा पुसते, पाण्याने धुते, दुसरे बोट लावते, दुकानदार ‘उद्या या’ म्हणतो. यंत्राने ‘जुळत नाही’ म्हटले की खरे-खोटे ठरवायला समोर कुणीच उरत नाही. चेहऱ्याचेही असेच होऊ शकते. अमेरिकेच्या ‘निस्ट’ या मानक संस्थेने डिसेंबर २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अनेक प्रणालींमध्ये आशियाई आणि आफ्रिकी चेहऱ्यांच्या बाबतीत चुकीची जुळणी गोऱ्या चेहऱ्यांपेक्षा १० ते १०० पट अधिक आढळली होती.

संशयितांच्या यादीशी प्रत्येक प्रवाशाचा चेहरा ताडून पाहायचे ठरवले, तर साधे गणित करून पाहावे. २०२४ मध्ये देशांतर्गत विमानांनी १६.१३ कोटी प्रवाशांनी प्रवास केला. यंत्र हजारात एकदाच चुकते असे धरले, तरी वर्षाला १ लाख ६१ हजार आणि दिवसाला सुमारे ४४० निर्दोष माणसे बाजूला घेतली जातील. खरा संशयित वर्षात एखादाच असेल किंवा नसेलही. रोज शेकडो खोटे इशारे पाहणारा अधिकारी काही महिन्यांत प्रत्येक इशारा खोटाच मानू लागतो. ही सवयच पुढे घातक ठरते. वस्तू शोधणाऱ्या यंत्राचेही इशारे खोटे निघतात, पण तिथे बॅग उघडली की दोन मिनिटांत शंका फिटते. माणसावरची शंका इतक्या सहज फिटत नाही, आणि त्याचे विमान तोवर गेलेले असते.

माग ठेवण्याच्या बाबतीत तर प्रश्न याहून गंभीर आहे. डिजीयात्रेची माहिती प्रवासानंतर २४ तासांत विमानतळावरून पुसली जाते, असे सांगितले जाते. हे चांगलेच आहे, पण ते तपासून पाहण्याचा मार्ग नागरिकाकडे नाही. योजना चालवणारी संस्था ही ना-नफा कंपनी आहे, तिच्यात भारतीय विमानतळ प्राधिकरणाचा हिस्सा २६ टक्के आहे आणि बाकी खासगी चालकांचा, आणि ती स्वतःला माहिती अधिकाराच्या कक्षेबाहेर मानते. परदेशी जाणाऱ्या-येणाऱ्या प्रवाशांच्या तिकिटाची माहिती सीमाशुल्क विभागाला देण्याचे २०२२ चे नियम ती पाच वर्षे ठेवू देतात. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने देशाच्या सुरक्षेच्या कारणास्तव सरकारी यंत्रणांना सूट देण्याची तरतूद केली आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवताना सांगितले होते की त्यावर मर्यादा आणायची तर कायदा हवा, उचित हेतू हवा आणि उपाय हेतूच्या प्रमाणात हवा. प्रवाशांच्या चेहऱ्यांचा माग या तिन्ही कसोट्यांवर अजून उतरलेला नाही. जोवर किती दिवस माहिती ठेवणार, कोण पाहणार, चूक झाली तर कोण उत्तर देणार हे कायद्यात लिहिले जात नाही, तोवर ही यंत्रणा केवळ ऐच्छिक सोय म्हणूनच राहावी आणि ओळखपत्र दाखवून आत जाण्याची रांग तितकीच सन्मानाने चालू राहावी.

धोका दारातूनच येतो असेही नाही. २०२४ च्या पावसाळ्यात बीड, जालना आणि छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यांतल्या गावांवर रात्री ड्रोन घिरट्या घालत असल्याच्या बातम्यांमुळे गावेच्या गावे जागली करत होती. ते कुणाचे, कशासाठी, याचे उत्तर लोकांना वेळेवर मिळाले नाही. २०१८ च्या डिसेंबरात लंडनच्या गॅटविक विमानतळावर ड्रोन दिसल्याच्या खबरीने सुमारे हजार विमाने अडकली होती, आणि जून २०२१ मध्ये जम्मूच्या हवाई दल तळावर ड्रोनने स्फोटके टाकली गेली. आता आपल्या शिवारात फवारणीचे ड्रोन येत आहेत, बचत गटांच्या महिला ते चालवत आहेत, आणि ते यावेतच. पण विमानतळाच्या हद्दीपासून १२ किलोमीटरपर्यंतच्या पट्ट्यात ड्रोन उडवण्यावर २०२१ च्या नियमांनी बंधने घातली आहेत, हे त्या पट्ट्यातल्या प्रत्येक ग्रामपंचायतीला ठाऊक असायला हवे. ड्रोन शोधणारे सेन्सर बसवायचे असतील तर त्याच्या जोडीला ही माहिती हवी, नाहीतर सेन्सरला दिसणारा प्रत्येक ठिपका फवारणीचा की घातपाताचा, हे ओळखण्यातच वेळ जाईल.

चिकलठाण्याच्या कुंपणाबाहेरचा धोका हा आपल्यासाठी नुसता तर्क नाही. २६ एप्रिल १९९३ रोजी तिथून उड्डाण करणारे इंडियन एअरलाइन्सचे बोइंग धावपट्टीच्या टोकापलीकडच्या बीड रस्त्यावर कापसाच्या गाठींनी भरलेल्या ट्रकला धडकले, पुढे विजेच्या तारांत सापडले आणि ५५ जण मरण पावले. तो घातपात नव्हता. वैमानिकाच्या चुकीबरोबर चौकशीत आणखी एक कारण नोंदले गेले: विमानाच्या वेळी त्या रस्त्यावरची वाहतूक रोखली जात नव्हती. तिथे एक फाटक, एक दिवा आणि ते सांभाळणारा जागरूक माणूस हवा होता. अपघात टाळणारी व्यवस्था आणि घातपात टाळणारी व्यवस्था या बाबतीत एकच असते. कुंपण धड असणे, बाहेरच्या रस्त्यावर लक्ष असणे आणि संशय आला तर कुणाला कळवायचे हे ठरलेले असणे, एवढे दोन्हींना लागते.

लहान विमानतळांवर एवढा खर्च परवडणारा नाही, अशी हरकत यावर घेतली जाईल. कोट्यवधी रुपयांचे सीटी यंत्र प्रत्येक ठिकाणी बसवावे असे माझे म्हणणे नाही. आधी मोठ्या विमानतळांना ते देण्याचे सरकारचे धोरण समजण्यासारखे आहे. पण स्फोटकांचे कण हुडकणारे यंत्र, चांगल्या अवस्थेतले दुहेरी कोनांचे एक्स-रे यंत्र, बंद पडल्यास त्याच दिवशी येणारा दुरुस्तीवाला, प्रवासी आणि बॅग यांची न चुकता होणारी जुळणी, कुंपणावरचे चालू कॅमेरे आणि थकलेल्या तपासनिसाला बदली माणूस, यांचा खर्च एका टर्मिनलच्या सजावटीच्या खर्चापेक्षा फार मोठा नाही. जुलै २०२४ मध्ये एका सॉफ्टवेअरच्या बिघाडाने जगभरची संगणक प्रणाली कोलमडली, तेव्हा भारतीय विमानतळांवर हाताने बोर्डिंग पास लिहून देण्याची वेळ आली होती. त्या दिवशी यंत्राविना काम करू शकणारी माणसे जिथे होती, तिथली विमाने सुटली.

चिकलठाण्याच्या धावपट्टीच्या विस्तारासाठी भूसंपादनाची चर्चा वर्षानुवर्षे चालू आहे. विस्ताराच्या अंदाजपत्रकात सुरक्षेच्या या बाबींसाठी स्वतंत्र तरतूद असावी, अशी मागणी मराठवाड्याच्या खासदारांनी आणि व्यापारी संघटनांनी आत्ताच करायला हवी. त्याच्या जोडीला, आपल्या विमानतळांवर वर्षभरात तपासणी यंत्रे किती तास बंद होती आणि किती प्रवाशांना चुकीच्या इशाऱ्यामुळे थांबावे लागले, एवढी माहिती दर वर्षी जाहीर व्हावी. तिच्यात गुप्त ठेवण्यासारखे काही नाही, आणि ती मिळाल्याशिवाय पुढचे यंत्र कोणते घ्यायचे हेही ठरवता येणार नाही.